आत्यानं भरलेला हॉल

“मोठ्यानं बोल रे राजा! देवाला मनातलंही ऐकू जातं, मागच्या ओळीतल्या माणसांना नाही जात!”

आईचा हा आवाज मुकुलनं सहा वर्षांचा असताना ऐकला होता. झाशीच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, डोक्यावर जरीची टोपी, समोर सतरंजीवर बसलेल्या सगळ्या काकू-मावश्या आणि पडद्याच्या कडेला उभी असलेली आई. मुकुलचे ओठ हलत होते, कविता जिथल्या तिथे होती, फक्त आवाज तेवढा निघत नव्हता. शेवटी काकू-मावश्यांनीच दयेपोटी टाळ्या वाजवून त्याला खाली उतरवलं. तो मांडव गेला, पुढे आईही गेली. आवाज मात्र राहिला. घशाशी काही अडलं की तो कानाशी येऊन उभा राहायचा आणि काही उपयोग न होता परत जायचा.

आता तो डॉ. मुकुल लघाटे होता, विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात डेटा सायन्स शिकवत होता. कुठल्या दुकानात कुठल्या महिन्यात काय खपेल हे तो आकड्यांवरून घडाघडा सांगे. स्वतःच्या मनात काय आहे ते सांगायची वेळ आली, की पुन्हा ती जरीची टोपी डोक्यावर चढायची.

सध्या घशाशी जे अडलं होतं, त्याचं नाव स्वरदा. ती पुण्याची, जात्यावरच्या ओव्यांची अभ्यासक. प्राध्यापकांच्या एका ऑनलाइन वर्गात दोघं एका गटात पडले. तिच्याकडे ओव्यांचा डोंगर होता, तो संगणकानं कसा चाळायचा हे तिला शिकायचं होतं. मुकुलनं शिकवलं. वर्ग संपला तरी रविवारची शिकवणी चालूच राहिली. पण तो तिच्याशी बोलायचा हिंदीत. घरची मराठी पुण्याच्या कानावर घालायची त्याला लाज वाटे. त्या मराठीत ‘दुपहर’ होती, ‘सब्जी’ होती, वाक्याच्या मध्येच बुंदेली ठसका होता. त्याच्या मेलची सुरुवात ‘आदरणीय स्वरदा जी’नं व्हायची आणि शेवट ‘भवदीय’नं. ह्या दोन शब्दांच्या मध्ये दोन वर्षांत कामाखेरीज काही गेलं असेल, तर ती आईची एक ओवी. एका रविवारी ती त्याच्या तोंडून निसटली होती. स्वरदानं ती उतरवून घेतली आणि म्हणाली होती, “पुन्हा म्हणा ना.” त्यानं म्हटली नव्हती.

तिला झाशीला बोलवायचं तर निमित्त हवं. सरळ ‘या’ म्हणण्याइतका तो धीट नव्हता, म्हणून त्यानं राष्ट्रीय सेमिनार ठेवला. विषय ‘व्यवसायातील डेटा सायन्स’. त्यात ओव्यांची अभ्यासक बसेना, म्हणून पुढे ‘आंतरविद्याशाखीय दृष्टी’ असं जोडलं. नुसत्या तिलाच बोलावलं तर दिसून येईल, म्हणून मग वनस्पतीशास्त्र बोलावलं, गृहविज्ञान बोलावलं, हिंदी बोलावलं. एकीला पानावर बसवायचं म्हणून अख्ख्या आळीला जेवण घालावं, तसं झालं.

“लघाटे जी,” विभागप्रमुख मुकेश सर पत्रिका लांब धरून म्हणाले होते, “बिज़नेस समझ में आया, डेटा समझ में आया। ये चक्की के गीत बिज़नेस में कहाँ से आ गए?”

“सर, उनमें बाज़ार का बहुत ज़िक्र है।”

“अच्छा! तो ज़रूर बुलाओ,” सर म्हणाले, आणि मुकुलनं चेहऱ्यावरचा घाम उन्हाच्या नावावर खपवला.

सगळं जमलं होतं. मग कुलगुरूंनी ‘मैं स्वयं आऊँगा’ असं कळवून तारीख पुढे ढकलली, आणि ती नेमकी परीक्षा संपल्यानंतर जाऊन पडली. जूनचं ऊन. मुलं म्हणजे मोठ, ललितपूर अशा आसपासच्या गावांची, शेवटचा पेपर टाकून त्याच पावली बस पकडणारी. आदल्या दिवशी दुपारी मुकेश सरांनी सभागृहाकडे बोट दाखवलं.

“वीसी साहब को खाली कुर्सी से चिढ़ है। पिछली बार होम साइंस वालों का हॉल खाली था, आज तक उनको नया पंखा नहीं मिला। कुछ करो भैया।”

मुकुलला पंख्याची फिकीर नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. स्वरदा पुण्याहून इतकी लांब आली आहे, माइकसमोर उभी आहे आणि समोर नुसत्या लाल खुर्च्या.

संध्याकाळी तो प्रेम नगरच्या घरी पोचला तेव्हा अंबिकाआत्या कूलरमध्ये पाणी ओतत होती. आईमागे तिनंच त्याला वाढवलं. जन्मभर मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलेली बाई. अजूनही सगळ्या जगानं गृहपाठ करून यावं अशी तिची अपेक्षा असे.

“तोंड का असं उतरलंय रे?”

“आत्या, उद्या हॉल खाली राहणार.”

“बाहेरून कोण येणार आहे?”

“एक मॅडम आहेत पुण्याच्या. अजून पण आहेत,” त्यानं घाईनं जोडलं.

“पुण्याच्या म्हणजे आपल्यातल्या?”

“हो. म्हणजे मराठीच.”

आत्यानं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले. “मग रडतोस काय? माणसं मी आणते.”

“तू कुठून आणणार?”

“तुला माणसं पाहिजेत की पत्ते पाहिजेत? जा, नहा जाऊन.”

इथं त्यानं विचारायला हवं होतं. पण न विचारणं हा त्याचा जुना धर्म. तो नहायला गेला. न्हाणीघरात त्याला बाहेरून आत्याचा फोनवरचा आवाज येत होता. शब्द पाण्यात विरत होते, उत्साह तेवढा भिंतीपार येत होता.

*

सकाळी स्टेशनवर स्वरदा गाडीतून उतरली. खांद्याला शबनम, अंगावर सुती साडी, आणि हसू मात्र स्क्रीनवरचंच.

“यात्रा कैसी रही?” मुकुलनं विचारलं.

“छान. तुम्ही मराठीत बोला की! घरी बोलता ना?”

“हाँ… पर वो थोड़ी अलग है।”

“मी वेगळंच ऐकायला आलेय,” ती म्हणाली, आणि त्यानं घाईघाईनं तिची बॅग उचलून चेहरा त्या बाजूला वळवला.

सभागृहाच्या दारात पाऊल टाकलं आणि मुकुल थबकला. एक खुर्ची रिकामी नव्हती. पण डेटा सायन्सच्या सेमिनारला सहसा असतात तशी ती माणसं नव्हती. काठापदराच्या साड्या, गजरे, अत्तर, इस्त्रीचे झब्बे. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब, डोक्याला टोपी, मांडीवर पेढ्यांचा पुडा. स्वरदा आत शिरताच सगळ्या माना एकदम वळल्या आणि तिच्या पावलांबरोबर हळूहळू फिरत मंचापर्यंत गेल्या.

“किती लोक आलेत!” स्वरदा हरखली. “झाशीत ह्या विषयाची इतकी आवड आहे?”

मुकुल काही बोलणार, तेवढ्यात मंडळातल्या सुनीताकाकूंनी त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. “मुकुल, छान आहे हो! जरा वाळकी आहे, पण आमच्याकडचं दूध-तूप लागलं की भरेल.”

मुकुलच्या हातातला बिल्ल्यांचा गठ्ठा खाली पडला. आत्या व्हरांड्यात सरबताची व्यवस्था पाहत होती, तिला त्यानं खांबाआड ओढलं.

“आत्या, तू सगळ्यांना काय सांगितलंस?”

“काय सांगणार? ‘व्यवसायातील डेटा सायन्स’ सांगून पाहिलं आधी. सुनीता म्हणाली, मला उद्या डेंटिस्टकडे जायचंय. मग म्हटलं, अगं, आमच्या मुकुलसाठी पुण्याची मुलगी बघायचीय, तीच बोलणारेय. तर म्हणाली, डेंटिस्टकडे परवा जाईन.”

“आत्या!”

“ओरडतोस काय? एका दिवसाचं तर खोटं. जेवताना मीच सांगून टाकेन, पत्रिका जुळत नाही म्हणून. हॉल भरला ना?”

मुकुल आत्याकडे पाहत राहिला. हॉल भरण्यासाठी ह्या बाईनं एक थाप मारली होती, आणि जगाच्या पाठीवर कुणालाही ठाऊक नसलेली त्याच्या मनातली एकुलती एक खरी गोष्ट ती थाप म्हणून गावभर वाटली होती. आता ती स्वरदाच्या कानावर जाणार होती. त्याच्या तोंडून नव्हे, सुनीताकाकूंच्या. ती म्हणेल, सेमिनारच्या नावाखाली मला दाखवायला बोलावलंत? आणि रविवार संपतील.

“काय बोलतोयस? ओठ हलताहेत नुसते,” आत्या म्हणाली. “चल, वीसी आले.”

कुलगुरूंनी दारातूनच भरलेला हॉल पाहिला आणि मुकेश सरांच्या पाठीवर थाप मारली. “वाह! समाज को विश्वविद्यालय से जोड़ना इसी को कहते हैं।” मुकेश सरांनी नम्रपणे श्रेय घेतलं. दीपप्रज्वलन झालं. समई पेटताच सवयीनं दोन काकूंनी हात जोडून शुभंकरोती सुरू केलं आणि आबासाहेबांनी त्यांना नजरेनं गप्प केलं.

मग स्वरदा उठली. ती हिंदीत बोलत होती आणि ओव्या मराठीत सांगत होती. बाजारात न जाता बाजार ओळखणाऱ्या बायका, तिनं सांगितलं. त्यांच्या ओव्यांत खण येतो, बांगडी येते, मीठ येतं. सुखात असताना बाई काय मागते आणि दुःखात काय, हे तिनं संगणकाला विचारलं होतं. ग्राहक काय घेतो हे सगळे मोजतात. काय घ्यायचं मनात होतं आणि घेतलं नाही, ते कुठल्या आकड्यात येतं? काकू विसरूनच गेल्या की आपण मुलगी बघायला आलोय. आणि मग पडद्यावर एक ओवी आली.

बाजारी गेले बाई, भाव पुशिते खणाचा
दुकानी नाही कुठं, भाव माझिया मनाचा

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: झाशी, मुकुल लघाटे यांच्या आईची. मंडळातल्या जुन्या बायकांनी ती ओवी ओळखली. कुणीतरी हलक्या चालीत ती उचलली, मग दुसरीनं, मग रांगेनं. ह्याच बायकांसमोर एके काळी मुकुलचा आवाज हरवला होता, आणि आता त्याच्या आईचा आवाज त्या सगळ्यांच्या गळ्यांतून परत येत होता. कुलगुरूंनी मोबाइल काढून चित्रण केलं. मुकुलनं चष्मा काढून पुसला. क्षणभर त्याला वाटलं, निभावलं.

“प्रश्न होने चाहिए!” कुलगुरू म्हणाले. “मुझे मराठी नहीं आती, लघाटे जी अनुवाद करेंगे।”

“सर, समय कम है…”

पण सुनीताकाकू उठल्या होत्या. माइक हातात घेऊन त्यांनी पदर सावरला. “तुम्हाला एकत्र कुटुंबात राहायची सवय आहे का?”

स्वरदाची भुवई वर गेली. कुलगुरूंनी मुकुलकडे पाहिलं.

“सर, ये पूछ रही हैं… अलग-अलग जगह का डेटा एक साथ रखा जाए तो दिक्कत तो नहीं होगी?”

“उत्तम प्रश्न!” कुलगुरू म्हणाले.

स्वरदानं मुकुलकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आबासाहेबांच्या मांडीवरच्या पेढ्यांकडे पाहिलं. तिच्या नजरेत एकेक दिवा लागत गेल्यासारखा मुकुलला दिसला. तरी ती शांतपणे म्हणाली, “मोठ्या घरातच वाढलेय मी, काकू.” आणि कुलगुरूंना हिंदीत, “थोड़ी सफ़ाई लगती है, सर, फिर निभ जाता है।”

आता आबासाहेब उठले. “नोकरीचं काय? झाशीला येणं जमेल का?”

मुकुलनं चष्मा सावरला. “सर… पूछ रहे हैं, पुणे में बना मॉडल छोटे शहर में चलेगा क्या?”

“ये तो मेरा भी प्रश्न है!” कुलगुरू पुढे सरकले.

स्वरदा ह्या वेळी आबासाहेबांकडे पाहत नव्हती. ती मुकुलकडे पाहत होती. “ते बोलावणाऱ्यावर आहे,” ती मराठीत म्हणाली. मग हिंदीत कुलगुरूंना काहीतरी चांगलं सांगितलं, ते मुकुलला ऐकूच आलं नाही. टाळ्या पडल्या. ‘बोलावणाऱ्यावर’ हा शब्द त्याच्या छातीत घुमत राहिला, आणि ती रागानं म्हणाली की कशानं, ते त्याला कळेना.

*

जेवणाच्या वेळी आत्यानं दिलेला शब्द पाळला. काकूंच्या घोळक्यात उभी राहून तिनं कढी ओरपता ओरपता जाहीर केलं, “मुलगी लाखात एक आहे, पण काय करणार? पत्रिका जुळत नाही. आत्ताच फोन आला गुरुजींचा.”

“अरे देवा!” घोळका हळहळला. त्या हळहळीतच सुनीताकाकू वळल्या, मागे स्वरदा हातात ताट घेऊन उभी होती. काकूंनी तिचा हात धरला. “मनाला लावून घेऊ नकोस हो, बाळ. तुझंही होईल कुठेतरी चांगलं.” आबासाहेबांनी पेढ्यांचा पुडा तिच्याच हातात ठेवला. “घरी घेऊन जा.”

स्वरदा पेढे घेऊन तशीच उभी राहिली. जेवणाच्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मुकुल कुलगुरूंच्या ताब्यात होता. कुलगुरू त्याला पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम तीन दिवसांचा करायला सांगत होते आणि मुकेश सर नव्या पंख्यांची मोजणी करत होते. त्याला तिथून एवढंच दिसलं, की स्वरदा हसत नाहीये.

संध्याकाळी स्टेशनला जाताना आत्याही गाडीत बसली. तिच्या मांडीवर डबा होता आणि मनात ओशाळलेपण. सिविल लाइंस मागे पडली, किल्ला उन्हात तांबडा होऊन मागे पडला. मुकुल मनातल्या मनात वाक्य जुळवत होता: हिंदीत एक, इंग्रजीत एक. मराठीतलं जमतच नव्हतं.

गाडी फलाटावर उभीच होती. स्वरदा डब्याच्या दाराशी चढली, मग वळली.

“एक विचारू? मला नाकारलं कुणी, तेवढं सांगा. म्हणजे घरी काय सांगायचं ते मला कळेल.”

मुकुलचे ओठ हलले. पण आत्याच पुढे झाली.

“बाळ, चूक माझी हो. हॉल रिकामा राहणार म्हणून हा रडकुंडीला आला होता. मी थाप मारली सगळ्यांना, की मुलगी बघायचीय. ह्याला सकाळपर्यंत पत्ता नव्हता. ह्याच्या मनात तसलं काही म्हणजे काही नाही बरं का! हा त्या मशिनीतून डोकं वर काढेल तेव्हा ना. तू अगदी निर्धास्त राहा.”

स्वरदा आत्याच्या हातातला डबा घ्यायला वाकली होती, तिचा हात तिथंच थांबला. “असं होय,” ती म्हणाली. हसली, पण ते स्क्रीनवरचं हसू नव्हतं. “बरं झालं सांगितलंत. मला उगीचच वाटलं…” आणि काय वाटलं ते न सांगता तिनं डबा घेतला.

वर भोंग्यात सूचना सुरू झाली. कुठली तरी गाडी कुठल्या तरी फलाटावर येणार होती. त्या गोंगाटात मुकुल एक पाऊल पुढे सरकला.

“स्वरदा जी, वो… दरअसल…”

“काय? ऐकू येत नाही!”

शिट्टी झाली. आत्या म्हणत होती, मागे सर, गाडी सुटतेय. आणि त्या सगळ्या आवाजांच्या मागून, पडद्याच्या कडेनं, तो जुना आवाज आला: मोठ्यानं बोल रे राजा. ह्या वेळी मुकुलनं तो परत जाऊ दिला नाही.

“स्वरदा!” तो ओरडला, आणि हमाल डोक्यावरच्या सामानासकट वळले. “आत्या खोटं बोलतेय! सकाळी सगळ्यांना सांगितलं ते खरं होतं, हे आत्ताचं खोटं आहे! सेमिनार-बिमिनार सगळा बहाना होता, तुम्हाला बोलवायचं होतं म्हणून ठेवला. दो साल से सांगायचं होतं, सांगितलंच गेलं नाही. माझी मराठी अशीच आहे, पण मला तुम्ही फार आवडता. मंडळानं बघितलं ते बघितलं, बोलावतोय मी!”